कुलाब्याची सुई, अलिबागचा दगड : ट्रामच्या गोष्टीत हरवलेला इतिहास

मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली आणि कुलाब्याच्या वेधशाळेला आपली चुंबकीय उपकरणे घेऊन अलिबागला जावे लागले, ही गोष्ट इतिहासप्रेमींच्या गप्पांत हटकून येते. ऐकायला ती गमतीची आहे. घोड्यांच्या ट्राम चालल्या, विजेच्या आल्या आणि बिचारी वेधशाळा खाडीपार हाकलली गेली!

गोष्टीचा सांगाडा खरा आहे, पण तिचा सूर चुकीचा आहे. कोणी कोणाला हाकलले नाही. ट्राम धावण्याच्या तीन वर्षे आधीच, १९०४ मध्ये, अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या होत्या. त्या तीन वर्षांत जे घडले ते या थ्रेडचा विषय आहे. मात्र त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. हेतू व्यवहारी होता. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ हवी होती आणि त्यासाठी ताऱ्यांचे वेध हवे होते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी तेथे १८४१ मध्ये सुरू झाल्या. त्यामागे युरोपातली एक मोठी मोहीम होती. हुम्बोल्ट आणि गाउस यांच्या प्रेरणेने जगभरातल्या वेधशाळा ठरलेल्या दिवशी, एकाच क्षणी, होकायंत्राच्या सुईची हालचाल टिपू लागल्या होत्या. क्षण एकच असावा म्हणून घड्याळ मानायचे ते जर्मनीतल्या गॉटिंगेन गावाचे. मुंबईच्या समुद्रकाठी बसलेल्या साहाय्यकाने गॉटिंगेनच्या वेळेवर डोळा ठेवून सुई वाचायची, असा तो कारभार होता.

कंपनीने सिमला आणि सिंगापूर येथेही अशी केंद्रे काढली. ती काही वर्षांतच बंद पडली. कुलाबा टिकले. म्हणूनच ‘हे सारे इंग्रजांचे देणे’ हे विधान अपुरे पडते. देणे तिघांनाही सारखेच मिळाले होते, चालू राहिले ते एकाच ठिकाणी. कोणत्याही नोंदवहीचा इतिहास ती कोणी सुरू केली एवढ्यावर संपत नाही. ती कोणी बंद पडू दिली नाही, हेही विचारावे लागते.

येथे मराठी वाचकाला ओळखीची दोन नावे भेटतात. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. अलिबागजवळच्या नागावात १८२४ मध्ये जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी येथेच नोकरीला लागले आणि सुमारे दशकभर राहिले. पुढे पुण्यात गणित शिकवणारे, पंचांगाच्या शुद्धीकरणासाठी झटणारे केरूनाना बहुतेकांना ठाऊक असतात. कुलाब्यात वेध घेणारे केरूनाना फारसे ठाऊक नसतात. चरित्रांमध्ये ही वर्षे दोन ओळींत उरकली जातात, हा आपल्या इतिहासलेखनाचा एक जुनाच दोष आहे. पुस्तक लिहिणारा लक्षात राहतो आणि रोजची नोंद करणारा विसरला जातो.

आता १८५९. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे खगोलज्ञ सूर्यावरचे डाग काढत असताना त्यांना डागांच्या एका गटावर पांढऱ्या प्रकाशाचा लखलखाट दिसला. साधारण सतरा-अठरा तासांनी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हादरले. अमेरिकेत तारखात्याच्या काही मार्गांवर बॅटऱ्या काढून टाकूनही संदेश जात राहिले, कारण जमिनीतून येणारा प्रवाहच पुरेसा होता. नेहमी ध्रुवांजवळ दिसणारा प्रकाश क्यूबापर्यंत दिसला.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. भाद्रपद नुकताच लागला होता. वेधशाळा लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्या देखरेखीखाली होती. उपकरण साधे होते: टांगलेला चुंबक, त्याला आरसा आणि आरशातले मोजपट्टीचे आकडे दुरून वाचण्यासाठी दुर्बीण. शांत दिवशी ठरावीक वेळांना वाचन होई. सुई अस्वस्थ झाली की काही काही मिनिटांनी वाचायचे, असा शिरस्ता होता. त्या सकाळी तो पाळला गेला. क्षेत्राची आडवी तीव्रता थोड्याच वेळात सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे वहीत उतरले. मुंबईच्या एकूण आडव्या क्षेत्राच्या ती साधारण चार टक्के होती. एरवीचे ठळक वादळ शंभर-दोनशेचे असते.

क्यू आणि ग्रीनिच येथे तोवर छायाचित्रण पद्धतीची स्वयंलेखी यंत्रे बसली होती. त्या कागदांवरचा प्रकाशबिंदू वादळात पट्ट्याबाहेर निघून गेला. म्हणजे आधुनिक यंत्रापाशी रेषा तुटली आणि मुंबईत माणसांनी डोळ्यांनी आकडे टिपले. कुलाब्यात छायाचित्रण यंत्र १८७२ मध्ये आले. मुंबईचे हे मागासलेपण त्या दिवशी जगाच्या कामी आले, असे म्हणायचा मोह होतो. पण केवळ जुने यंत्र असून भागले नसते. दर काही मिनिटांनी दुर्बिणीला डोळा लावणारा माणूसही हवा होता. त्या सकाळी दुर्बिणीपाशी कोण होते, हे नाव आज कोणाच्या ओठावर नाही.

या आकड्याकडे जगाचे लक्ष गेले ते २००३ मध्ये. त्सुरुतानी, गोन्झालेस, लाखिना आणि ॲलेक्स या चौघांनी कुलाब्याच्या जुन्या नोंदी वाचून शोधनिबंध लिहिला. त्यांपैकी लाखिना आणि ॲलेक्स हे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे, म्हणजे कुलाब्याच्या वारसदार संस्थेचे शास्त्रज्ञ. पुढे वादही झाला. तासाभराची सरासरी घेतली तर आकडा ८५०च्या आसपास येतो, असे एका गटाने दाखवले. एकाच ठिकाणच्या नोंदीवरून साऱ्या पृथ्वीचे अनुमान किती काढावे, हा प्रश्नही रास्त आहे. तरीही १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवणाऱ्या वादळाचे माप ५८९ होते, हे लक्षात घेतले की वाद कशाचा चालला आहे ते कळते. वीजजाळे आणि उपग्रह किती मोठ्या धक्क्यासाठी तयार ठेवायचे, हे ठरवताना आजचे अभियंते मुंबईतल्या एका वहीकडे पाहतात.

आता पुन्हा ट्रामकडे. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परत जातो आणि त्याचा काही भाग जमिनीत झिरपतो. प्रवाह आला की चुंबकीय क्षेत्र आले. कुलाब्यातली सुई मग पृथ्वीऐवजी ट्रामची हजेरी मांडू लागली असती. हा धोका आधीच ओळखला गेला. १८९६ पासून वेधशाळेचे संचालक होते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस, या पदावरचे पहिले भारतीय. दक्षिणेला, समुद्रापलीकडे, अलिबागची जागा निवडली गेली.

(एक जाता जाता: मुंबईचा कुलाबा वेगळा आणि अलिबागसमोरचा आंग्र्यांचा कुलाबा किल्ला वेगळा. अलिबाग ज्या जिल्ह्याचे ठाणे होते त्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होते. त्यामुळे ‘कुलाब्याहून कुलाब्याला’ गेलेल्या या वेधशाळेची कागदपत्रे चाळताना घोटाळा होऊ शकतो.)

खरी अडचण दगडाची होती. सह्याद्रीचे गडकोट ज्या काळ्या पाषाणाचे आहेत तो बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असतो. त्या दगडाच्या भिंतींत सुई ठेवणे म्हणजे खोटा साक्षीदार शेजारी बसवणे. म्हणून इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड आणला गेला. लोखंडाला तर मज्जावच होता.

पण मूस यांचे मोठेपण इमारतीत नाही. ते त्या जोड-काळात आहे. १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन ठिकाणच्या जमिनीखालचा खडक सारखा नसतो, त्यामुळे आकड्यांत कायमचा फरक पडतो. तो फरक मोजला नसता तर १८४० च्या दशकापासूनची मालिका कुलाब्यात संपली असती आणि अलिबागला दुसरीच सुरू झाली असती. दुहेरी खर्च आणि दुहेरी मेहनत घेऊन तो सांधा जुळवला गेला. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन खंडांत, विश्लेषणासह छापल्या. चुंबकीय वादळे सरासरीने कशी वागतात याचा त्यातला अभ्यास पुढे चॅपमन यांच्यासारख्या सिद्धान्तकारांना उपयोगी पडला.

राज्यारोहणे आणि लढाया यांच्या तारखा तोंडपाठ असणाऱ्या पिढीने ही दोन वर्षेही ध्यानात ठेवावीत, अशी अपेक्षा अवाजवी नाही. त्या वेळी १८५९च्या नोंदीचे मोल कोणालाच पुरते उमगलेले नव्हते. उपग्रह नव्हते, वीजजाळी नव्हती. कशासाठी लागेल हे माहीत नसताना जपलेली ही मालिका आहे. त्यामुळे वसाहतकालीन विज्ञानाला एका वाक्यात ‘लूट’ किंवा एका वाक्यात ‘उपकार’ म्हणणाऱ्या दोन्ही पक्षांना ती गैरसोयीची वाटते. कंपनीचे भांडवल, जर्मन घड्याळ, आयर्लंडमध्ये घडवलेली उपकरणे, नागावचा तरुण गणिती आणि पारशी संचालक या सगळ्यांना एकाच वहीत जागा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती विज्ञानवाल्यांची म्हणून बाजूला सारणे हा शुद्ध आळस होय.

मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. अलिबागची सुई त्या दिवशीही वाचली गेली आणि त्या नोंदी आजही चालू आहेत.