लवाद म्हणजे गावकीचा पंच नव्हे

लवादानं निकाल दिला ना, मग कोर्टाची पायरी कशाला चढता? हे शहाणपण आजकाल कामगाराला कुणीही शिकवतो. मालक शिकवतोच, पण आपल्यातले काही कडक इस्त्रीचे पुढारीही मान डोलावतात. म्हणे, लवाद दोघांनी मिळून नेमलेला, आता तो म्हणंल ते गप गिळा.

दोस्तहो, आमच्या आज्या-पणज्यांनी पंचांचे निकाल चपलांजवळ उभं राहून ऐकले. पाणी बंद, वाट बंद, टाका वाळीत! अपील कुणाकडं करणार, पाटलाकडं? चवदार तळ्यावर सवर्णांनी लावलेला दावा हायकोर्टानं १९३७ साली फेटाळला. सत्याग्रहाला तोवर दहा वर्षं झाली होती. पण गावच्या पंचांनी तो शंभर वर्षांतही फेटाळला नसता. तेव्हा कोर्टाचं दार लावून घ्या म्हणणारा आमचा नव्हे, त्याच्या खांद्यावर कुठला का झेंडा असेना.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली लवादाचं कलम १० अ आलं. मुंबईच्या हिंद सायकल्समधली युनियन लवादाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली, तर १९६२ ला कोर्ट म्हणालं, लवाद म्हणजे ट्रायब्युनल नव्हे, थेट अपील इथं चालणार नाही. मग गुजरात स्टील ट्यूब्सचं प्रकरण झालं. १९७३ चा संप झाला आणि कंपनीनं आठशेंवर कामगार घरी बसवले. वर कागदावर लिहिलं की ही शिक्षा नव्हे, नुसतं कमी केलंय. लवादानं कंपनीची बाजू उचलली. हायकोर्टानं तो निकाल उलटा केला आणि १९७९ ला सुप्रीम कोर्टात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावलं की कागदावरचा शब्द सोडा, आत काय आहे ते बघा. शिक्षा जास्त वाटली तर ती बदलायचा कलम ११ अ चा अधिकार लवादालाही आहे, आणि त्यानं तो वापरला नाही तर हायकोर्ट त्याचा कान धरू शकतं. तीनपैकी एका न्यायमूर्तींना हे पटलं नाही, तेही सांगून टाकतो.

पण कोर्टाची आरती आम्ही ओवाळणार नाही. त्याच दारानं मालकही आत शिरतो. कामगार जिंकला की मालक स्टे आणतो आणि वर्षानुवर्षं त्याला उपाशी मारतो. म्हणून १९८४ ला कलम १७ ब आलं. कामावर घ्या असा निकाल झाला आणि मालक वरच्या कोर्टात गेला, तर तोवर शेवटचा पगार चालू. पण त्यात नावं कुणाची? लेबर कोर्ट, ट्रायब्युनल, नॅशनल ट्रायब्युनल. लवादाचं नावच नाही! म्हणजे लवादापुढं जिंकलेल्यानं काय खायचं, निकालाचा कागद?

हे आम्ही हुपरीतून लिहितोय. ज्या माणगावात १९२० साली शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात बसले, ते इथनं सायकलच्या टप्प्यावर. इथं घराघरात पैंजण होतात. कुणी तार ओढतो, कुणी डाग लावतो, बाया घुंगरं जोडतात. इथं कुणाला काढलंच जात नाही बघा. एक दिवस फक्त चांदी देत नाहीत. "सध्या काम नाही," एवढंच. ना नोटीस, ना चौकशी, ना लवाद. अहमदाबादच्या कंपनीला निदान खोटा शब्द तरी शोधावा लागला. इथं त्याचीही गरज नाही, कारण कागदावर हा माणूस कामगारच नाही. मग हायकोर्ट तपासणार काय, त्याच्या हातावरचे चटके?

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही लवाद आहेच. आमचं म्हणणं एवढंच, की लवादाचा असो की ट्रायब्युनलचा, कामावर घ्या म्हटलं की पगार त्या दिवसापासून सुरू झाला पाहिजे. मग मालकानं खुशाल दिल्लीपर्यंत जावं. आणि हुपरीच्या शेठलोकांनो, चांदी देताना ग्रॅमग्रॅम वहीत मांडता ना? त्याच वहीत कारागिराचं नाव, मजुरी आणि कामाला लागल्याची तारीख मांडा. आणि त्याची एक सहीची प्रत त्याच्या हातात द्या.