कच्च्या खेळाडूलाही चेंडू द्या

फुटसाल म्हणजे सभागृहात खेळायचा फुटबॉल. १९३० साली उरुग्वे देशातील माँटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने तो सुरू केला. यात एका संघात गोलरक्षकासह पाचच खेळाडू असतात.

त्यांतला एखादा कच्चा असला, तर तुम्ही काय करता? त्याला चेंडूच देत नाही. मग तो नुसता उभा राहतो आणि पाचांचा संघ चारांचा होतो. चेंडू मिळालाच नाही, तर त्याचा पाय तयार कसा होणार? काही दिवसांनी तो खेळायला येणेच सोडतो.

सामना हरलात, तर उद्या पुन्हा खेळता येईल. पण सोबती गेला, तर खेळणार कोणाबरोबर? म्हणून त्यालाही चेंडू द्या. तो चुकला तर हसू नका, पुन्हा द्या.