कागद नाही म्हणजे परदेशी?

परदेशी नागरिकाला सरकारी योजनेचा लाभ द्यावा की नाही, यावर वाद होऊ शकतो. जरूर करू. पण महाराष्ट्रात सध्या जे चाललंय ते वेगळंच आहे. ज्याच्याकडे कागद नाही त्याला आधी परका म्हणायचं आणि मग त्याचं रेशन, त्याची योजना यांच्याकडे बोट दाखवायचं, असा हा उलटा हिशेब आहे.

जन्मदाखल्याचंच घ्या. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि उशिराच्या नोंदीचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसूल यंत्रणेकडे आला. एनआरसीची धास्ती आधीपासून होतीच. लोक तहसीलीत गेले. कागद मागता म्हणून कागद काढायला गेले! मालेगावातले अर्ज दिसताच 'घुसखोर' अशी हाकाटी झाली, विशेष तपास पथक बसलं, जानेवारी २०२५ मध्ये राज्यभर असे दाखले देणं थांबलं. पुढे नायब तहसीलदारांनी दिलेले आदेश रद्द झाले, कारण त्यांना तो अधिकारच नव्हता म्हणे. चूक खुर्चीची, दाखला गेला अर्जदाराचा.

कायदा मात्र साफ आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक; दूतावासातल्यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर आईबाप कोण हे तिथे विचारलं जात नाही. प्रश्न फक्त तो जन्म दाखवायचा कसा, हा. घरात दाईच्या हातून जन्मलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली साठीची बाई काय दाखवणार? (मुलींना शाळेतून लवकर काढलं ते आपणच, हेही बोलायला हवं.) आधार रहिवासावर मिळतं, ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे खरं. म्हणून ते परकेपणाचा पुरावा होत नाही.

'लाडकी बहीण'ने २०२४ मध्ये अधिवास दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्रही चालवून घेतलं. म्हणजे मनात असलं की सरकारला वाट सापडते.

आणि 'आमचे कागद ओके आहेत' म्हणणाऱ्या शिकलेल्या भावांनो, शेजारच्या खालाचे बघितलेत का? तिचं रेशनकार्ड बंद झालं तर दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. तोंडी उत्तर घेऊन परतू नका, लेखी आदेश मागा, कारण काय ते विचारा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी दिलाय, त्याच्या वर राज्य अन्न आयोग. अर्ज मराठीत लिहा, पोच घ्या.