घटत्या ताकदीचा हिशेब

गेल्या दिवाळीत बेंच प्रेसवर शंभर किलो सहज उचलणारा पंचेचाळिशीचा गृहस्थ यंदाच्या उन्हाळ्यात ऐंशी किलोलाच अडतो. मध्ये खाडा पडलेला नाही, कुठे मार बसलेला नाही, दुखतही काही नाही. सोलापुरातल्या व्यायामशाळांना ही तक्रार नवी नाही आणि तिच्यावरचे उत्तरही ठरलेले आहे: 'वय झालं.' घरचे हेच म्हणतात, सोबतचे हेच म्हणतात, घाईत असलेले डॉक्टरही कधीकधी हेच म्हणून मोकळे होतात. हे उत्तर कितपत खरे आहे हे ठरवायचे, तर वय ताकदीचे नेमके काय करते ते आधी पाहायला हवे.

मज्जारज्जूतली एक चेतापेशी अनेक स्नायूतंतूंना आज्ञा देते. ती पेशी आणि तिच्या हुकमातले तंतू मिळून एक 'मोटर युनिट', म्हणजे हालचालीचा एक घटक तयार होतो. उतारवयात यातल्या काही चेतापेशी मरतात. त्यांचे पोरके झालेले तंतू शेजारच्या पेशी आपल्याकडे ओढून घेतात, पण सगळे त्यांना सांभाळता येत नाहीत आणि उरलेले झिजून जातात. झटक्यात जोर लावणाऱ्या वेगवान तंतूंना याची झळ आधी लागते. वयामुळे होणाऱ्या या स्नायूऱ्हासाला वैद्यकात 'सार्कोपेनिया' म्हणतात. मात्र चेतापेशींची ही गळती ठळकपणे दिसू लागते ती साठीच्या आसपास. पंचेचाळिशीत तिच्यावर सगळा दोष टाकणे घाईचे ठरते.

ही घसरण किती वेगाने होते, याचा अंदाज वेटलिफ्टिंगच्याच नोंदींवरून येतो. प्रौढांच्या 'मास्टर्स' स्पर्धा पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत होतात, त्यामुळे वाढत्या वयाबरोबर उचललेले वजन कसे कमी होत जाते याचा आयता आलेख तिथे मिळतो. तिशीपासून सत्तरीपर्यंत ही घट वर्षाला साधारण एक ते दीड टक्का पडते. म्हणजे शंभर किलो उचलणाऱ्याचा वयामुळे वर्षभरात एखाददुसरा किलो कमी व्हावा. सहा महिन्यांत वीस किलो गेले, तर त्यात वयाचा वाटा किलोभराचाही नाही. उरलेले एकोणीस किलो कुठे गेले, हा खरा प्रश्न आहे.

बहुतेक वेळा याचे कारण साधे असते आणि ते आधी तपासावे. पंचविशीत चार तास झोपून, उपाशीपोटी केलेला व्यायाम शरीर पचवते. पंचेचाळिशीत तोच थकवा आठवडेच्या आठवडे साचत जातो. वजन उतरवण्यासाठी जेवण तोडले, रात्रपाळी लागली, घरात आजारपण आले की जोर आधी कमी होतो आणि कारण मागाहून उमगते. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे. पारा चाळिशीपार गेलेला आणि डोक्यावर पत्रा तापलेला, अशा शेडमध्ये व्यायाम करताना घामावाटे शरीराच्या वजनाच्या दोन-तीन टक्के पाणी सहज निघून जाते. दोन आठवडे व्यायाम निम्म्यावर आणला, झोप आणि जेवण पूर्ण घेतले, सकाळच्या गारव्यात वजन उचलून पाहिले आणि जोर परत आला, तर चौकशी तिथेच संपते. परत आला नाही, तर मात्र ती तिथून सुरू व्हायला हवी.

पहिला संशय आहारावर जातो, आणि आपल्याकडे त्याला सबळ आधार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेड्यांत, झोपडपट्ट्यांत आणि शहरी मध्यमवर्गात राहणाऱ्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातल्या ६७ टक्के पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. ही वरकरणी निरोगी माणसे होती. ब-१२ मुख्यतः दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळते. चेतातंतूंवरचे आवरण टिकवायला आणि रक्तपेशी तयार व्हायला ते लागते. ते फार काळ कमी पडले की पायाला मुंग्या येतात, तोल जातो, दम लवकर लागतो. रोज दोन वेळा कडक भाकरी, डाळ आणि शेंगाचटणी खाणाऱ्याला प्रथिने काही प्रमाणात मिळतात, ब-१२ मात्र मिळत नाही. दुधा-दह्याचे प्रमाण जेमतेम असेल तर ही उणीव वर्षानुवर्षे मुकाट वाढत राहते.

या उणिवेत औषधांची भर पडते. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनमुळे आतड्यात ब-१२ कमी शोषले जाते आणि पित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यानेही तेच होते. भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा आयसीएमआरचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज लक्षात घेतला, तर शाकाहारी, मधुमेही आणि मेटफॉर्मिन घेणारा व्यायामपटू हा अपवाद राहत नाही. मधुमेह स्वतःही चेतातंतूंना इजा करतो. क्वचित एकाच मांडीत आधी तीव्र वेदना आणि मग झपाट्याने रोडपणा येतो. थायरॉईडचे काम मंदावले किंवा ड जीवनसत्त्व फार खालावले, तर खांदे आणि मांड्या यांतला जोर आधी कमी होतो. खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो, पण मूठ मात्र घट्ट राहते. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांचे नाव सगळ्यात आधी घेतले जाते, पण त्यांच्यामुळे खरोखर स्नायूंना त्रास होणारे लोक थोडे असतात. शंका आली तरी त्या परस्पर बंद करू नयेत.

एका कारणाबद्दल व्यायामशाळांत कुजबुज असते, पण डॉक्टरांपुढे कुणी तोंड उघडत नाही. टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके बाहेरून टोचली की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी आपले काम थांबवते आणि शरीरातली निर्मिती बंद पडते. इंजेक्शन थांबवल्यावर ती पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात, कधी ती पूर्ववत होतही नाही. या मधल्या काळात ताकद, उत्साह आणि मनःस्थिती एकदमच ढासळते. राज्यात पोलिसांनी वेळोवेळी पकडलेले मेफेंटरमाइन हे तर स्नायू वाढवणारे औषधच नव्हे. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी ते वापरतात. त्याने काही तास तरतरी येते आणि हृदयावर ताण पडतो. ही माहिती लपवून ठेवलेल्या रुग्णाच्या तपासण्या डॉक्टरांनी कितीही केल्या, तरी त्या आंधळी कोशिंबीरच ठरतात.

आता सगळ्यात दुर्लक्षित कारण. मानेच्या मणक्यांमधली गादी सरकून किंवा हाड वाढून तिथून निघणारी एखादी नस दबते. सातवी नस दबली तर दंडामागचा स्नायू दुबळा होतो. बेंच प्रेसमध्ये हात सरळ होताना बार एका बाजूला रेंगाळतो. कित्येकदा दुखणे नावापुरतेच असते, म्हणून मानेकडे लक्षही जात नाही. हीच गोष्ट कमरेत घडली, तर एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे जमेनासे होते. नसेऐवजी मज्जारज्जूच दबली, तर बोटांची सफाई जाते, शर्टाची बटणे लागत नाहीत आणि चाल अडखळते. असे झाल्यास वाट पाहण्यात अर्थ नसतो.

दुर्मीळ आजारांची भीती घालण्याचा इथे हेतू नाही, तरी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. अमेरिकी बेसबॉलपटू लू गेहरिग याची फलंदाजीची सरासरी १९३७ मध्ये ०.३५१ होती, पुढच्या हंगामात ती ०.२९५ झाली. सलग २,१३० सामने खेळलेला हा माणूस वयाच्या पस्तिशीत मंदावला, असेच सारे समजले. त्याने २ मे १९३९ रोजी स्वतःहून संघाबाहेर बसणे पसंत केले आणि त्यानंतर जूनमध्ये मेयो क्लिनिकमध्ये निदान झाले. हालचालींच्या चेतापेशी मारणारा तो आजार आज अमेरिकेत त्याच्याच नावाने ओळखला जातो. काहीतरी बिनसले आहे हे डॉक्टरांच्या आधी धावफलकाने सांगितले होते.

असे का होते याचे उत्तर तपासणीच्या पद्धतीत आहे. डॉक्टर स्नायूंचा जोर शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात. ही श्रेणी ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चेतातंतूंना इजा झालेल्यांसाठी रूढ झाली. डॉक्टरांच्या हाताला रुग्णाने पूर्ण विरोध केला की पाचपैकी पाच. दीडशे किलो घेऊन बैठक मारणाऱ्याचा जोर एक तृतीयांशाने घटला, तरी तो डॉक्टरांच्या हाताला सहज भारी पडतो आणि कागदावर 'नॉर्मल' असे लिहिले जाते. रुग्ण खोटे बोलत नसतो आणि डॉक्टरही चुकलेले नसतात. मोजपट्टीच तोकडी असते. व्यायामपटूची तारीखवार वही इथे दवाखान्यापेक्षा बारकाईने मोजते, आणि ती सोबत नेण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

रक्ततपासणीतही एक फसगत होते. स्नायूंना इजा झाली की रक्तात सीपीके हे विकर वाढते, पण जड वजने उचलल्यावरही ते काही दिवस वाढलेले राहते. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची मानली जाणारी विकरे स्नायूंतूनही येतात. त्यामुळे आदल्या दिवशी पायांचा व्यायाम करून रक्त दिलेल्याला नसलेला यकृताचा आजार चिकटू शकतो. तपासणीआधी चार-पाच दिवस विश्रांती घेतली, तर अहवालावर अधिक विश्वास ठेवता येतो.

हा छंदिष्टांचा प्रश्न आहे असे वाटत असेल, तर 'प्युअर' या अभ्यासाकडे पाहावे. भारतासह १७ देशांतील ३५ ते ७० वयाच्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या मुठीचा जोर त्यात मोजला गेला. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले: मुठीचा जोर दर पाच किलोंनी कमी असेल, तसे पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळले. दुबळी मूठ मृत्यू ओढवते, असा याचा अर्थ नाही. आत काय चालले आहे याची ती खूण आहे, आणि ती रक्तदाबाइतकीच सहज मोजता येते.

सोलापुरात सगळ्यात जास्त वजन उचलणारी माणसे मात्र व्यायामशाळेत जात नाहीत. सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याची आवक वाढते तेव्हा ती डोक्यावर आणि पाठीवर पोती वाहत असतात. एका माणसावर ५५ किलोंहून अधिक भार नसावा, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये सुचवले होते. आपला माथाडी कायदा १९६९चा. चाळिशीपुढच्या हमालाची ताकद घटली, तर त्याच्याकडे वही नसते. टोळी एकत्र काम करून मजुरी वाटून घेते, तिथे एकाचे कमी पडलेले श्रम सोबती भरून काढतात. ही माणुसकीच आहे, पण तिच्यामुळे घसरण कुणाच्या नजरेत येत नाही. ती दिसते तेव्हा हमाली सुटलेली असते.

आमचे मत असे की ताकद घटणे ही तक्रार आहे, वयाचा दाखला नव्हे, आणि ती मोजून घेण्याची सोय सरकारी व्यवस्थेनेच करायला हवी. मुठीचा जोर मोजणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ आणि स्त्रियांसाठी १८ किलो ही धोक्याची पातळी ठरवली, पण कष्टकऱ्याच्या बाबतीत त्या पातळीची वाट पाहणे म्हणजे उशीर करणे होय. त्याची तुलना त्याच्याच गेल्या वर्षीच्या आकड्याशी व्हायला हवी. शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेले मोठे रुग्णालय आहे, माथाडी मंडळाकडे नोंदणीकृत कामगारांची यादी आहे. वर्षातून एकदा मुठीचा जोर, पाच वेळा खुर्चीतून उठायला लागलेला वेळ, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि ब-१२ एवढे नोंदवणे या तिघांना मिळून अवघड नाही. नोंद करताना डावा आणि उजवा हात वेगळा लिहावा. एकाच बाजूचा आकडा घसरला तर चौकशी मानेपासून सुरू करावी लागते, दोन्ही बाजूंचा घसरला तर रक्तापासून.