आईची शंका कोण लिहून घेणार?

मूल वर्षाचे झाले तरी हाक मारल्यावर वळून बघत नाही, दीड वर्षाचे होऊनही पाऊल टाकत नाही, हे पहिल्यांदा आईच्या लक्षात येते. ती बोलून दाखवते तेव्हा ‘होईल हळूहळू’ म्हणून तिला गप्प केले जाते. पुढे मूल मागे पडले की दोष तिच्याच कुशीला!

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुले तपासायची, विकास रखडलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे. योजना चांगलीच आहे. पण दिवाळीनंतर नंदुरबारमधली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. पथक पाड्यावर, मूल फडात. घरी पावरी किंवा भिली बोलणारे मूल मराठी प्रश्नाला उत्तर देत नसेल, तर उणीव नेमकी कोणाची?

उपचार म्हणजे एखादी गोळी नव्हे. महिनोन्‌महिने व्यायाम, बोलण्याचा सराव. धडगावहून नंदुरबारची प्रत्येक खेप म्हणजे आईचा बुडालेला रोज. पहिल्या तीन वर्षांत मेंदू झपाट्याने घडतो, असे आपण तिला ऐकवतो. त्या तीन वर्षांतल्या मजुरीचा हिशेब कोणी मांडत नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेत हा विषय लावून धरू या. आईची शंका अंगणवाडीच्या नोंदवहीत तारखेसह लिहिली गेली पाहिजे. तपासणी कुटुंबे बाहेर पडण्याआधी, पाड्याच्या बोलीत व्हावी आणि केंद्रात येणाऱ्या आईला भाड्याबरोबर बुडालेला रोजही मिळावा. मात्र हे वाढीव काम अंगणवाडीताईंवर फुकट लादून नव्हे. त्याही मानधनावर राबणाऱ्या बायकाच आहेत.