घरांतील यंत्रांची देखभाल कोणाकडे?

आमच्या मातोश्रींच्या जात्यावरच्या ४३ ओव्या आम्हीं २०११ सालीं ध्वनिमुद्रित करून ठेविल्या होत्या. पुढें दोनच वर्षांनीं त्या गेल्या. तीं ध्वनिमुद्रणें मधल्या खोलींतील संगणकावर होतीं, आणि त्यांची दुसरी प्रत कोणी तरी करून ठेवितो अशी घरांतील प्रत्येकाची समजूत होती. आम्हांस वाटे, पुतण्या करितो. पुतण्यास वाटे, सूनबाई संगणकाच्या कंपनींत आहेत, तेव्हां त्याच करीत असतील. सूनबाईंस तर जपून ठेवण्यासारखें असें कांहीं त्या यंत्रांत आहे, हेंच कोणी सांगितलें नव्हतें! २०२३ च्या पावसाळ्यांत त्या संगणकाची तबकडी बंद पडली व दुरुस्ती करणाऱ्यानें हात टेकले. आमच्या कन्येनें पूर्वीं केव्हां तरी कांहीं ओव्या मोबाइलवरून नाशिकास मागवून घेतल्या होत्या, म्हणून १७ मिळाल्या. २६ गेल्या.

त्या आठवड्यांत आम्हीं घरांतील यंत्रांची प्रथमच मोजदाद केली. मोबाइल ९, लॅपटॉप ४, टॅबलेट २, हा जुना संगणक, छपाईयंत्र, दिवाणखान्यांतील टीव्ही (तोहि आतां एक संगणकच आहे), आणि जिन्याजवळ भिंतीस टांगलेला राउटर, एकूण १९. लग्नांत आलेल्या पितळेच्या भांड्यांवर नांव घालून त्यांची यादी करणारे आपण लोक. पण या १९ वस्तूंची यादी कोणापाशींहि नव्हती. ‘योगक्षेम’ हा शब्द आपण पत्रांत सहज लिहितों. जें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हें क्षेम. योगाचा उत्साह आमच्या घरीं दर दसऱ्यास दिसतो. क्षेम मात्र बारभाईंच्या कारभारांत गेलें होतें.

खरें म्हणजे बारभाई म्हणणेंहि अन्यायाचें होईल. सगळा भार एकट्या सूनबाईंवरच होता. त्या सायंकाळीं साडेसातास कचेरींतून येतात. चपला काढल्या न काढल्या तोंच सासूबाईंच्या मोबाइलमध्यें जागा उरलेली नसते, धाकट्या चुलतसासऱ्यांस पेन्शनच्या संकेतस्थळाचा परवलीचा शब्द आठवत नसतो, आणि मुलांचा टॅबलेट रुसलेला असतो. आम्ही सर्वच हें कौतुकानें करीत होतों, आणि म्हणूनच तें जाच आहे असें कोणास वाटत नव्हतें. ओव्यांच्या प्रकरणानंतर त्या आम्हांस शांतपणें म्हणाल्या, “मामंजी, कचेरींत चारशें यंत्रें आहेत, पण तेथें प्रत्येक कामापुढें एकाचें नांव लिहिलेलें असतें. घरीं एकोणीसच आहेत, पण नांव एकटें माझें.” आम्हांस यावर उत्तर सुचलें नाहीं.

मग त्यांजकडूनच आम्हीं कचेरींतील पद्धति समजून घेतली. प्रथम सर्व यंत्रांची नोंद: कोणतें, केव्हां घेतलें, कोणाच्या हातीं. नंतर कामें; आणि प्रत्येक कामास एकच धनी, तो परगांवीं असतां त्याचा एक बदली. ‘सर्वांनीं लक्ष ठेवावें’ असें तेथें कधींच लिहीत नाहींत. आणि जी नवी सुधारणा येते ती चारशें यंत्रांवर एकदम न घालतां आधीं थोड्या यंत्रांवर घालून पाहतात, कांहीं बिघडलें नाहीं असें दिसल्यावर पुढच्या गटास देतात.

या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व जगास १९ जुलै २०२४ रोजीं कळलें. क्राउडस्ट्राइक या संरक्षण-कंपनीनें आपल्या वेळेप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं एक सदोष फाइल जगभर पाठविली. ७८ मिनिटांत चूक सुधारण्यांत आली. परंतु तेवढ्यांत विंडोज प्रणालीचीं सुमारें ८५ लक्ष यंत्रें बंद पडलीं होतीं, आणि त्यांतील पुष्कळांपाशीं माणसानें जाऊन तीं एकेक करून हातानें सुरू करावीं लागलीं. आपल्याकडील विमानतळांवर उतारूंना हातानें लिहिलेले प्रवेशपास मिळाले, तें चित्र वाचकांस स्मरत असेल.

तर मग सुधारणा घालूंच नयेत काय? आमच्या धाकट्या बंधूंचें मत तसें आहे, व त्यांच्या मोबाइलकडे पाहतां तें मत जुनें असावें. त्यांस आम्हीं २०१७ ची हकीकत सांगितली. विंडोजमधील एका छिद्रावरील उपाय मायक्रोसॉफ्टनें त्या वर्षीं १४ मार्चला प्रसिद्ध केला होता. १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाची कीड त्याच छिद्रांतून शिरली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेंतील सुमारें एक-तृतीयांश रुग्णालय-संस्थांचें काम विस्कळित झालें. उपाय येऊन ५९ दिवस झाले होते. तो घालण्याचें तेवढें राहिलें होतें. ती कंपनी २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं नियमानें अशा सुधारणा काढीत आली आहे, म्हणजे तिथि ठाऊक नव्हती असेंहि म्हणण्यास जागा नाहीं.

आम्हीं स्वयंपाकघराच्या दाराशीं, दिनदर्शिकेशेजारीं, एक पत्रक लाविलें. स्वतःचा मोबाइल ज्यानें त्यानें पाहावयाचा. जागा मोकळी ठेवणें, रात्रीं भारणास लावून सुधारणा घेणें यास अभियंता लागत नाहीं, हें आमच्या सौभाग्यवतींनीं चार दिवसांत सिद्ध केलें. नवी सुधारणा प्रथम आमच्या मोबाइलवर येते, कारण तो बिघडला तर घराचें अडत नाहीं. चार दिवसांनीं इतरांचे. राउटर व टीव्ही थोरल्या नातवाकडे. परवलीच्या शब्दांची वही कपाटांत, घराच्या कागदपत्रांबरोबर. ती वहिनींच्या ताब्यांत. जुना संगणक विंडोज १० चा. त्या प्रणालीचा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि पुढची प्रणाली त्यावर बसत नाहीं. तेव्हां तो इंटरनेटपासून तोडून नातवंडांच्या टंकलेखनाच्या सरावास दिला. सूनबाईंकडे अडलेलें काम मात्र जावयाचें, तेंहि रविवारीं सकाळीं.

प्रती काढण्याचें काम पुतण्याकडे होतें, आणि येथें एक फजिती सांगितली पाहिजे. तीन महिने तो दर पहिल्या तारखेस बाहेरच्या तबकडीवर प्रत काढून पत्रकावर सही करी. चौथ्या महिन्यांत सूनबाईंनीं ती तबकडी दुसऱ्या यंत्रास लावून उघडून पाहिली, तों तींत एकहि छायाचित्र नव्हतें! त्यानें पडद्यावरील चित्रखुणांच्या प्रती काढल्या होत्या. घर राहिलें मागें आणि दारावरची पाटी तेवढी तीनदां उचलून नेली. पोरानें लबाडी केली नव्हती, कोणीं दाखविलेंच नव्हतें. तेव्हांपासून काढलेल्या प्रतींतील कोणत्या तरी पांच फाइली उघडून पाहिल्याशिवाय सही नाहीं. एक तबकडी घरीं, दुसरी नाशिकास कन्येकडे; दिवाळींत ती येते तेव्हां अदलाबदल होते.

यादींत आमच्याहि नांवापुढें एक काम होतें: दर महिन्यास सर्व सह्या तपासणें. फेब्रुवारींत व मार्चांत आम्हीं तें केलें नाहीं. एप्रिलांत सौभाग्यवतींनीं त्या दोन रकान्यांत लाल पेन्सिलीनें फुल्या मारल्या. पस्तीस वर्षें मुलांच्या वह्यांवर आम्हीं त्याच मारीत होतों.

गेल्या महिन्यांत आम्ही आत्याबाईंकडे जाऊन आलों. त्यांस आतां ८९ वें वर्ष आहे. हरवलेल्या २६ ओव्यांपैकीं त्यांस ११ आठवल्या, त्यांतील दोन अर्ध्याच. पुतण्या बरोबर होता. त्यानें मुद्रण केलें आणि तेथें ओटीवरच पांच उघडून पाहिल्या.