हातमोजे कधी घालायचे?

आमच्या वर्कशॉपमध्ये 'सेफ्टी फर्स्ट' असा मोठ्ठा बोर्ड आहे. पण मित्रांनो, नुसत्या बोर्डाने बोटं वाचत नाहीत. बँडसॉचंच बघा. चालू मशिनवर हातमोजे घालायचे नाहीत, कारण एखादा दाता कापडात अडकला की मोज्याबरोबर हातही ओढला जातो. ब्लेड बदलताना मात्र मोजे हवेतच, कारण गुंडाळलेलं ब्लेड सोडलं की स्प्रिंगसारखं उसळतं. चष्मा दोन्ही वेळेला. पण हे 'का' कुणी सांगतच नाही, म्हणून पोरं बरोब्बर उलटं करतात.

जर्नलमध्ये बँडसॉची फक्त आकृती असते. खरं ज्ञान वर्कशॉपच्या मामांकडे! पातळ पाइपसाठी त्यांनी बारीक दात्यांचं ब्लेड काढलं तेव्हा कळलं, की निदान तीन दाते जॉबवर टेकलेले हवेत, नाहीतर ते तुटतात. (करवतीला 'दात' नसून 'दाते' असतात, हेही मला कॉन्व्हेंटमध्ये नाही, इथेच कळलं.) माइल्ड स्टील कापताना चिप्स निळ्या पडल्या तर दाब किंवा स्पीड जास्त, नुसती पूड पडली तर दाब कमी. आणि चिप्स काढायच्या त्या ब्रशने, तेही मशीन बंद करून.

माझं तर स्पष्ट मत आहे, की व्हायव्हात पार्ट्सची नावं विचारण्यापेक्षा सरांनी जॉब व्हाइसमध्ये आवळायला लावावा, गाइड जवळ घेऊन ब्लेड गरजेपुरतंच उघडं ठेवायला लावावं आणि समोर उभं राहून दहा मिनिटं मशीन चालवू द्यावं. मार्क त्याचेच द्यावेत. जर्नल काय, हॉस्टेलवर एका रात्रीत उतरतंच!